रीडिंग

एकतीस वर्षं बेस्टचे मीटर वाचले,
आता रविवारी शिवडीला जाऊन दगड वाचतो.
ओळ, नंबर, नाव, दोन तारखा.
मधे किती युनिटं जळली
ते कुठंच लिहिलेलं नसतं.

अक्षरं बुजली असली की
तांदळाचं पीठ चोळतो चिमूटभर.
सुवार्ता रत्नाकर आढाव, नर्स,
ख्रिस्तात निजली –
साल लागेपर्यंत मुंग्या पिठाशी हजर.

एका इवल्या दगडावर नुसतं ‘बाळ’.
मागचं रीडिंग, चालू रीडिंग
एकच.
तिथं पेन्सिल जरा वेळ अडते.

“तुमचं कोण हाय इथं, काका?”
खड्डे खणणारा जोकीम दर खेपेला विचारतो.
कुणी नाही, म्हणतो.
तो न बोलता झारी पुढं करतो.

आईला भोईवाड्यात नेलं होतं.
तिसऱ्या दिवशी मडकं, मग खाडी,
मग भरती.
वहीच्या शेवटच्या पानावर
तिचंही नाव घातलंय.
ओळ – काट.
नंबर – काट.
शेऱ्यात, हाताच्या सवयीनं,
दाराला कुलूप दिसलं की लिहायचो तेच:
घर बंद.
पुन्हा येणे.