ब्रास

उमरेड रस्ता सोडला की पाचगावच्या अंगाला
डांबर संपतं, आणि गिट्टीचं माहेर लागतं.
तिमाजी पुढं, खांद्यावर पाण्याची कॅन,
मागं मी : बांधकाम खात्यात एकतीस वर्षं
खड्ड्यांची बिलं तपासलेली बाई.
लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, भागिले शंभर,
झाले ब्रास.
एवढं सोपं होतं डोंगर मोजणं.

खाली मात्र कधी उतरले नव्हते.
टेप घेऊन पोरगा उतरायचा,
मी काठावर, छत्रीत, आकडे लिहायची.

"घळीतून चाला मॅडम," तिमाजी म्हणतो,
"वरून गेलं तं निस्तं ऊन दिसते."

घळ एवढी अरुंद की दोघांपैकी एकानंच श्वास घ्यावा.
सालईच्या मुळांनी दगडाच्या सांध्यात बोटं खुपसलेली,
घोरपडीची शेपूट एका फटीत
आत जाता जाता राहून गेलेली.
दोन्ही बाजूंना काळा दगड, थरावर थर.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमीन उतू गेली
आणि विस्तव ओढायला कुणी नव्हतं.
एकदा उतू गेली, निवली.
मग पुन्हा.

तिमाजी काठीनं ठोकतो, आणि डावा कान लावतो.
उजवा त्यानं ब्याण्णवच्या सुरुंगाला देऊन टाकला.
खणखणीत वाजला तर दगड घट,
भदभद वाजला तर पोटात पाणी.
"माणसाचं बी असंच," म्हणतो, मग हसतो,
"नाही, माणसाचं नाही कळत."

घळ संपते आणि एकदम खदान.
तळाला हिरवट पाणी, त्यात आभाळाचा तुकडा,
दोन पोट्टे एका बकरीला आंघोळ घालताहेत,
ती ओरडते, तर चार बकऱ्या ओरडतात.
समोरच्या भिंतीवर सुरुंगाच्या भोकांच्या
अर्ध्या नळ्या, उभ्या, ओळीनं.

तिमाजी एकेका नळीत बोट घालतो.
"हे माह्यं. हे बी माह्यं.
हे वेंकटीचं. तिरपं आहे पाहा. घाईत होता."

पुढं काही बोलत नाही.
मला मात्र फाइल आठवते, पिवळी, दोरीची गाठ सैल :
'काम तीन दिवस बंद.'
कारणाचा रकाना कोरा होता.
ठेकेदाराचे तीन दिवस मी कापले होते,
लाल शाईनं, बरोबर कापले होते.

दुपारी आम्ही तांबूस पट्टीवर बसतो,
वर काळा थर, खाली काळा थर,
मध्ये हातभर माती, नखानं उकरेल अशी.
"याले आम्ही नरमी म्हणू. इथं सुरुंग धरत नाही.
म्हणून भाकर इथंच सोडायचो."
मी उकरते. ज्वारीच्या दाण्याएवढा शंख निघतो,
दगड झालेला, पण वळण शाबूत.
म्हणजे दोन आगींच्या मध्ये इथं तळं होतं.
गोगलगायीला पाठीवर घर घेऊन
सावकाश कुठंतरी जाण्याइतकी सवड होती.
तिमाजी शंख तळहातावर घेतो, बघतो,
ठेच्याची बोटं पुसून परत देतो.

उठताना विचारतो,
"टेप हाये का पर्समध्ये?"
निवृत्तीला चार वर्षं झाली, पण आहे.
"वेंकटीचं मोजा."

मी गुडघे टेकते. दगड अजून तापलेला.
टेपचं टोक तो वर धरतो, मी खाली सोडते.
बाजूच्या नळ्या पाच-पाच फूट, सगळ्या.
ही नाही.

"मोठ्यानं सांगा," तो वाकतो, डावा कान पुढं.

"अडीच," मी ओरडते.
"अडीच फूट."

पोट्टे वर बघतात.
समोरची भिंत आकडा परत सांगते,
मग बाजूची,
मग घळ, उशिरा, आतून.
तिमाजी मान हलवत राहतो,
लिहून घेत असल्यासारखी.