रात्री एक

न्हाणीत साधी घसरले, तर मनगट मोडलं.
बेळगावचे डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले,
हाडं वयाच्या पुढं गेलीत तुमची.
लहानपणी कसल्या गोळ्या होत्या? किती वर्षं?
जुन्या चिठ्ठ्या असतील तर आणा.

पांढरी, चिमणीच्या डोळ्याएवढी, रात्री एक.
मला एवढंच ठाऊक.

खानापूरला सरकारी दवाखान्यात खिडकीतली बाई
"हळे चीटी?" म्हणत कन्नड अर्ज सरकवते.
मी मराठीत भरते.
ती माझ्याच पेनानं त्यावर पुन्हा कन्नडमध्ये लिहिते
आणि सांगते, तेवढं जुनं सगळं वाळवीनं नेलं,
नंदगडात बघा.

नंदगडात बिडीकर डॉक्टरांच्या दवाखान्यात आता
मोबाईलची कव्हरं टांगलीत.
कंपाउंडर मष्णू मात्र आहे, मागल्या गल्लीत,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
पत्र्याच्या ट्रंकेतनं वह्या निघतात,
डिंकाचे डाग,
मिक्स्चरच्या बाटलीला लावायच्या
खाचा पाडलेल्या कागदी पट्ट्या, कोऱ्याच राहिलेल्या.

ब्याऐंशी. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी.
माझं नाव कुठंच नाही.

"कसं असंल?" मष्णू म्हणतो.
"तुमच्या वडलांनीच सांगितलेलं की,
पोरीचं नाव नको लावू, उद्या सोयरीक बघायची हाय.
हे बघा."

परशराम भरमाणी गुरव. वय बेचाळीस. फिट.
फेनोबार्बिटोन साठ, रात्री एक.
नऊ वर्षं, दर महिन्याला,
समोर त्यांचीच सही, ग ला लांब शेपूट.

या माणसाला घेरी येऊन टेकलेलं
मी कधी पाहिलं नाही.
माझ्या तोंडाला फेस आला की
चमचा घेऊन धावणाऱ्यांना हाकलून
मला कुशीवर वळवायचे
आणि शेजारी उकिडवे बसून राहायचे.

गाळ काढायला विहिरीत उतरायची वेळ आली
की कुणीतरी म्हणायचंच,
परशरामला नको रे, त्याला फिट येती.
ते हसून बाजूला व्हायचे, दोर धरायचे.
मला वाटायचं, अंगचोर आहेत.

झेरॉक्सचे चौदा रुपये झाले.

डॉक्टर कागद उलटसुलट करतात.
हे तर पुरुषाचं आहे. पेशंट कोण?
मी म्हणते, गोळ्या माझ्या.
नाव त्यांचं.

ते थोडं थांबतात, मग लिहितात:
कॅल्शियम, रात्री एक.
वरती माझं नाव, इंग्रजीत,
एक अक्षर चुकवून.