तिऱ्हाईत

टाम्पेरेत विटांना तोटा नाही.
जुन्या कापडगिरणीची मागची भिंत
आमच्या दुकानाच्या खिडकीपासून बरोबर अकरा मीटर.
नवी लेन्स आली की आधी तिचा फोटो.
ट्रायपॉडच्या तीन पायांच्या तीन खुणा
रायमोनं खिळ्यानं जमिनीत कोरून ठेवल्यात.

आज तीन आल्यात, तिन्ही पस्तीस मिलिमीटर.
एक घरची: ज्या कंपनीचा कॅमेरा, तिचीच,
चौदाशे नव्वद युरो, आणि बोलायला जागा नाही.
दोन तिऱ्हाईत.
पहिली सातशेची. स्वयंपाकाच्या काट्यावर सहाशे बेचाळीस ग्रॅम.
तिचं कडं उलटं फिरतं,
माझी बोटं दिवसभर चुकतात,
नव्या घरात अंधारात बटण चाचपावं तशी.
दुसरी दोनशे दहाची. तिचं झाकण
बसतं, म्हणजे बसल्यासारखं करतं.

विटा पाहते. मधोमध तिन्ही सारख्याच;
मधोमध कुणीही सज्जन असतं.
खरं काय ते कोपऱ्यात कळतं,
वरच्या उजव्या कोपऱ्यात,
जिथं विटा संपतात आणि एक खिडकी लागते.

गिरणीत आता माणसं राहतात.
त्या खिडकीत एक म्हातारा बसायचा, करड्या स्वेटरमध्ये.
आमच्या बोलण्यात त्याचं नाव 'कोपरा'.
'कोपरा कसाय?' रायमो विचारायचा.
'एफ चारला शुद्धीवर येतो,' मी सांगायची.
अकरा वर्षं. एकशे सत्त्याऐंशी लेन्स.
त्याच्या चष्म्याच्या काडीवर आम्ही जांभळी कड शोधली,
त्याच्या कपाचा कान विरघळला म्हणून
कुणाचे तरी दोन गुण कापले.

मार्चमध्ये एक बाई आली, बुटांवरचा बर्फ झटकत.
मार्युक्का. 'समोर माझे वडील राहायचे. ऑस्मो.
म्हणायचे, दुकानातली माणसं सारखे माझे फोटो काढतात.
आम्हाला वाटायचं, वय झालं, काहीही बोलतात.
घरात त्यांचा एकही नाही हो,
आई गेल्यानंतरचा एकही.'

मी हार्ड डिस्क लावली.
आधी घरच्या लेन्सचे उघडले, अर्थात.
शंभर टक्क्यांवर: भुवया, काडी, कपावरची निळी रेघ,
पेपरात खुपसलेलं नाक.
'हो, हेच ते,' ती म्हणाली,
पासपोर्टच्या खिडकीशी म्हणतात तशी.
पुढचा. पुढचा. कुठल्याशा वर्षाचा नोव्हेंबर.

मग एक आला, पंच्याण्णव युरोवालीचा.
मला आठवते ती लेन्स. फोकससाठी पुढं मागं,
पुढं मागं, घरघर करत, किल्ली हरवल्यासारखी.
शटर पडेपर्यंत पेपर संपला असावा त्याचा.
त्यानं आमच्याकडं पाहून हात वर केलेला,
हात म्हणजे पाच बोटांचा एक फराटा,
आणि मागच्या दिव्याचं पिवळं
सगळ्या चेहऱ्यावर सांडलेलं.
'हा,' ती म्हणाली. 'हा द्या.'
मी म्हटलं, 'याचा कोपरा पार गेलाय हो.
लेन्सच तशी. डोळेसुद्धा नीट—'
'दिसतंय मला.'

प्रिंटचे चार युरो तिनं मोजून ठेवले. मी घेतले.
नको म्हणायला हवं होतं, हे संध्याकाळी सुचलं.

आता तिथं पडदा आहे, बारीक पट्ट्यांचा.
कोपरा तपासायला याहून चांगलं काय मिळणार,
असं मनात आलं, आणि शटरच्या केबलवर
अंगठा तसाच राहिला थोडा वेळ.

मग काढले. एफ दोन, दोन पूर्णांक आठ, चार.
सातशेवाली कोपऱ्यात घरचीच्या खांद्याला लागते,
हे लिहीन मी, ठळक लिहीन,
आणि कड्याचंही लिहीन.
पंच्याण्णववालीचं जुनं पानही काढून वाचलं.
दहापैकी चार दिले होते.
बदलले नाहीत. चारच योग्य आहेत.

'कोपरा कसाय?' आतून रायमो.
त्याला सांगायचं राहिलंय अजून.
तेवढ्यात दोनशे दहावालीचं झाकण पडलं,
घरंगळत कपाटाखाली गेलं,
आणि मी गुडघे टेकून, पट्टीनं,
बराच वेळ ते काढत बसले.