ठिपक्यांची अक्षरं

मागच्या गल्लीतून आले ते.
टेरेन्सची शिडी त्याच्याच भिंतीला टेकलेली होती,
तिनंच त्यांना आमच्या न्हाणीघराच्या खिडकीशी पोचवलं.
टेरेन्स हे तीनदा सांगून गेला, टोपी हातात धरून,
जणू चोरी शिडीनं केली आणि जामीन तो राहतोय.

न्यूपोर्टच्या या चढावर अकरा वर्षं झाली.
कुणाचा कचरा कोणत्या वारी बाहेर येतो,
शेजाराची माहिती एवढीच होती.

पोलीस आली, कॅरिस नावाची, माझ्या पुतणीच्या वयाची.
बूट काढू का, विचारलं तिनं दारात.
म्हटलं राहू दे, त्यांनी कुठे काढले होते.

फॉर्मवर रकाने. वस्तू, रंग, अंदाजे किंमत, ओळखीची खूण.
लॅपटॉप एक, काळा.
बाबांचं घड्याळ. ते दहा मिनिटं पुढे असायचं,
हे कुठल्या रकान्यात लिहू?
पाटल्या दोन. वजन आईला विचारावं लागेल,
आणि आईला तर कळू द्यायचं नाहीये.
शिवाय स्टीलचा डबा, ज्यात पाटल्या होत्या.
तांदळाखाली.

"तांदळाखाली," कॅरिसनं लिहून घेतलं.
हसली नाही. म्हणाली, ते आधी तिथेच बघतात.
म्हणजे माझ्या आत्याची, आत्याच्या सासूची ती गुप्त युक्ती
चोरांच्या पहिल्या इयत्तेत शिकवतात.

जाताना तिनं एक पेन दिलं.
उरलेल्या प्रत्येक वस्तूवर पोस्टकोड लिहा,
दिसणार नाही, जांभळ्या दिव्याखाली चमकेल.
मी मांडणीवरची वाटी उलटी करून तिच्यापुढे धरली:
*चि. ऋजुतास आत्याकडून, ९८.*
बारीक ठोकलेले ठिपके, ठिपक्यांची अक्षरं.
ही कुठली शाई, तिनं विचारलं.
म्हटलं, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसायचा,
विजेची सुई घेऊन, र्रर्र करत लिहायचा.
अक्षरामागे पैसे घ्यायचा,
म्हणून आत्यानं आडनाव घातलंच नाही.

मग शफीकुलच्या दिवाणखान्यात सगळा रस्ता जमला.
कुणी म्हणालं, दिव्यांना टायमर लावा.
कुणी म्हणालं, खिडकीखाली खडी पसरा, पाऊल वाजतं.
टेरेन्सनं शिडीला साखळी घातली, बैलाला शोभेल अशी.
शफीकुलची आई बंगालीत काहीतरी म्हणाली, सगळे हसले,
नंतर कळलं: मी दिवसभर खिडकीतच असते,
मला कुणी कधी विचारलं?

पंचवीस नंबरच्या ग्लेनिसकडे मी किल्ली दिली.
देताना हात जरा अडला.
तिनं पाहिलं, पण काही बोलली नाही.

महिन्याभरानं रविवारी तीच दारात.
गाड्यांच्या डिक्या उघडून भरतो तो जुना बाजार,
तिथे मेणबत्त्या आणि चार्जर यांच्या मधोमध तिला डबा दिसला.
आमची लिपी तिला वाचता येत नाही.
पण गेल्या दिवाळीत चिवडा भरून हाच डबा तिच्याकडे गेला होता,
घासताना हे ठिपके तिच्या बोटांना लागले होते.
दोन पौंड सांगत होता, दीडला घेतला म्हणाली.
माझाच डबा, घासाघीस करून.

गाडीचा नंबर तिनं हातावर लिहून आणला होता.
कॅरिसला कळवला. गाडीही चोरीचीच निघाली.
घड्याळ आलं नाही. पाटल्या आल्या नाहीत.
आईला मी अजून सांगितलेलं नाही.

रिकामा डबा परत करू नये
हे ग्लेनिसला कुणी शिकवलं, कोण जाणे.
आत पाच वेल्श केक होते, बेदाण्यांचे, खालून जरा करपलेले.

तांदूळ आता प्लास्टिकच्या बरणीत असतात, नुसते तांदूळ.
डबा ओट्यावर ठेवलाय, ठिपके पुढे करून.
या आठवड्यात तो पंचवीस नंबरला परत जायला हवा.
काय भरून, ते ठरत नाहीये.