तार

पेपर चौथा : अमेरिकेचे प्रांतिक पदार्थ.
गंगापूर रोडचं कॉलेज, तिसरा मजला,
बारा शेगड्या, त्यातल्या दोन बंद,
आणि मी, जिने विमान फक्त ओझरला
कुंपणाबाहेरून पाहिलंय,
लुईझियाना शिकवते.

फळ्यावर लिहिते : गंबो.
खाली लिहिते : मूळ अर्थ, भेंडी.
वर्ग हसतो. सातासमुद्रापार जाऊन शेवटी भेंडीच?

मग घरी आयांनी शिकवलेलं सगळं
त्यांना उलटं करायला लावते.
पुसून कोरडी करू नका. आमसूल नको.
पाणी घाला, झाकण ठेवा,
सुटू दे तार, जितकी सुटेल तितकी.
पीठ तेलात भाजा, भाजत राहा,
न घासलेल्या बंबाच्या रंगाचं होईपर्यंत.

तिकडच्या पातेल्यावर मक्याचा जाडा रवा रटरटतोय.
जिजा भोये, सुरगाण्याची, डाव वर धरून बघते :
"मॅडम, ह्या तर कण्या.
आमच्यात पाहुण्याला नाय वाढत कण्या."
मी सांगते, तिकडे मोठ्या हॉटेलात
यावर कोळंबी ठेवून चौपट दाम घेतात.
आणि हेही सांगते, की मका ज्यांचा होता
ते तो राखेच्या पाण्यात शिजवायचे.
नंतर आलेल्यांनी धान्य उचललं, राख अडाणी ठरवली,
आणि पुढे कित्येक वर्षं दक्षिणेतल्या गरिबांची
कातडी सोलून निघाली, डोकी फिरली,
कारण कुणाला कळेना.
जिजा आच कमी करते.
"चुलीपाशी बसलेल्या बाईला
विचारतंय कोण," एवढंच म्हणते.

भेंडीचं बी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर गेलं,
असं पुस्तकात आहे.
कुणाच्या मुठीतून, ते पुस्तकात नाही.

स्टोअरचे इमॅन्युएलकाका कोळंबीचा हिशोब द्यायला आले
ते दारातच थांबले.
काका शरणपूरचे, चार पिढ्यांचे.
म्हणाले, "आमच्याकडेही आली होती ना ती पोरं.
समुद्रात जहाजं पकडली, साखळ्या तोडल्या,
आणि पोरांना इथं आणून सुतारकी, लोहारकी शिकवली.
दीडशे वर्षं झाली असतील. बरीचशी परत गेली."
मग थोडं थांबून,
"बाजारात भेंडी दिसली असेल की त्यांना.
काय म्हणाली असतील हो, तिला बघून?"

मला ठाऊक नाही.
गंबो हा पश्चिम किनाऱ्याकडून गेलेला शब्द,
ही पोरं पूर्वेची. त्यांचा शब्द निराळा असणार.
इथल्या भाजीवालीनं "भेंडी, भेंडी" करून
तो पुसला असेल, दोन पैशांच्या वाट्यासह.

काकांना वाडग्यात वाढलं, भातावर.
चाखून म्हणाले, "अळूचं फदफदं गेलं परदेशी."
पण दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला.
चमचा उचलला की तार लांबत जाई,
ते मान वर करकरून ती तोडत होते.

संध्याकाळी तोंडी परीक्षेचे प्रश्न काढले.
अकरा झाले, बारावा काकांचाच घातला.
गुणांचा रकाना कोरा ठेवलाय,
उत्तर मलाच तपासता येणार नाही म्हणून.

खाली सही, तारीख,
आणि बंद शेगड्यांसाठी तिसरा अर्ज.