तांडेलाचं काम

होडी विकली त्या आठवड्यात
कुत्र्यानं माझ्या तीन चपला खाल्ल्या.
तिन्ही डाव्या.

नाव त्याचं तांडेल.
सहा वर्षं नाळेवर उभा राहायचा,
जाळं वर येताना घारींना शिव्या घालायचा.
आता उभादांड्याच्या अंगणात
माडाभोवती गोल, गोल,
सुंभाला घालतात तसा
स्वतःलाच पीळ घालत.
रात्री भुंकायचा. कोणावर?
किनारा तर रिकामा.

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
कान पाहिले, दात पाहिले, पोट दाबलं.
म्हणाल्या, "याला आजार नाही. याला काम नाही."
मी खिडकीबाहेर बघू लागलो.
"वाटीत आयतं देऊ नका. शोधू दे.
नाकाला कोडं घाला."
आणि चिठ्ठीवर औषधाच्या जागी लिहिलं:
करवंट्या, तीन.

तीन करवंट्या उपड्या.
एकीखाली सुक्या बांगड्याचा तुकडा, मीठ धुऊन.
पहिल्या दिवशी त्यानं तिन्ही उधळल्या,
एक विहिरीत.
दुसऱ्या दिवशी एकच सरकवली, चुकीची.
तिसऱ्या दिवशी बसला.
वाऱ्याचा अंदाज घेतात तसा
नाक जमिनीला लावून थांबला
आणि पंज्यानं मधली अलगद बाजूला केली,
झोपलेल्या पोरावरची गोधडी काढावी तशी.
त्या रात्री तो झोपला.
मला झोप आली नाही.
भुंकणं नव्हतं ना.

मग जुन्या लुंगीला गाठी मारल्या,
गाठीत तुकडे.
निरगाठ एका सकाळीत, दुहेरी गाठ दोन दिवसांत.
आठवड्याभरात माझी अक्कल संपली.

एसटीनं सावंतवाडी गाठली.
पुंडलिक चितारी लाकडी आंब्याला देठ लावत होता.
"खेळणा होया? झील केवडो?"
"सा वर्सांचो."
"चालता?"
"चार पायांनी."
कुंचला हवेतच राहिला.
मग इतका हसला की आंबा हातातून सुटला,
ठक्क वाजला, फुटला नाही.
"चाळीस वर्सां फळां करतंय," म्हणाला,
"केळी, अननस, काजू.
एकाच्याय पोटात काय नाय.
पयल्यांदाच कोणतरी भरलेला मागता."

पांगाऱ्याचं खोकं. रंग नाही, चाटणार म्हणून.
चार खण, वर सरकती झाकणं,
आणि एक खुंटी,
जी उपटल्याशिवाय चौथं हलत नाही.

तीन खण त्यानं दुपारच्या चहाआधी उघडले.
चौथ्यापाशी नऊ दिवस.
कुरकुरला. खोक्यावर पाय देऊन उभा राहिला.
पाठ फिरवून गेला, माडाला एक फेरी मारून परत आला.
माझा हात तीनदा पुढे झाला,
तीनदा मी तो मांडीखाली दाबून बसलो.
दहाव्या दिवशी खुंटी त्याच्या दातांत,
आणि चेहऱ्यावर ते,
जे जाळं जड लागल्यावर आम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांवर असायचं.

तुकडा बोटाच्या पेराएवढा.
गिळायला क्षणही लागला नाही.
पण मी नीट पाहिलंय:
शेपूट त्याच्या आधीपासून हलत होती,
झाकण बंद होतं तेव्हापासून.

आता खोकं रिकामं झालं
की तोंडात धरून माझ्या पायाशी टाकतो.
भर.

आज सकाळी लुनाची चावी सापडेना.
रोज उगाच बंदरावर जाऊन उभं राहायला
जी लागते, ती.
शेवंती पायरीवर मुळे निवडत बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
"वाटीत आयता मिळाचा नाय."

तांडेल खोक्याशेजारी बसला होता,
एकदा माझ्याकडे, एकदा खुंटीकडे बघत.
मी खाली बसलो. गुडघे वाजले.
पहिलं झाकण सरकवलं. रिकामं.
दुसऱ्याला हात घालण्याआधी
का कोण जाणे,
जरा थांबलो.