चारचा पेरू

तीस वर्षं सातपूरला लेथवर काढली.
बिडाची काळी भुकटी शर्टाच्या खिशात, भुवयांत,
डब्याच्या झाकणाखालीसुद्धा.
म्हणून रिपोर्ट आला तेव्हा निकम हसला,
"घे, शेवटी लोखंड रक्तात गेलंच."

तसं नसतं, खैरनार बाईंनी समजावलं.
हे कामावरून आलेलं नाही.
आईकडून थोडं, वडिलांकडून थोडं,
दोघांनाही माहीत नसलेलं.
शरीराला पुरे म्हणता येत नाही, एवढाच दोष.
येईल तेवढं लोह आत घेतं, ठेवून देतं
यकृतात, सांध्यात, बोटांच्या पेरांत.
फेरिटीन अठराशे चाळीस.
मी मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस,
एवढा फरक एकाही जॉबमध्ये सोडला नसता.

मग कागदावर यादी.
दारू नाही. (घेत नव्हतोच.
जावयाने एकदा धरणाकडच्या वायनरीत नेलं होतं, तेवढी.)
सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या नाहीत,
त्या नारिंगी, सर्दीला चघळतो त्या.
जेवणात लिंबू नाही.
लिंबू म्हणे दार उघडून धरतं
आणि लोखंड आत येतं, चपलांसकट.
आणि फळं?
खा की, बाई म्हणाल्या, फळांशी भांडण नाही.
फक्त जेवणाबरोबर नको. दोन तास मध्ये जाऊ द्या.

नाशकात लिंबाशिवाय मिसळ खाऊन बघा.
रविवारी मी फोड बशीच्या कडेला सरकवतो,
पोऱ्या दरवेळी विचारतो,
"काका, किडकी आहे का? दुसरी आणू?"
पहिले सहा महिने समजावत होतो.
आता म्हणतो, दात आंबतात.

घरी मात्र उलटं.
रोहिणीचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन.
तिला लोहाची गोळी, लिंबूपाण्यासोबत,
बिडाच्या कढईतली मेथी, गूळ, खारीक,
आणि चहा जेवणाच्या आसपास फिरकायचा नाही.
मला स्टीलचं पातेलं
आणि जेवल्याबरोबर कोरा चहा.
एका ओट्यावर दोन फोडण्या.
अर्धं लिंबू तिच्या वरणात,
अर्धं वाटीखाली झाकून, तेही तिचंच, उद्याचं.

दर तीन आठवड्यांनी मी रक्तपेढीत आडवा पडतो.
साडेतीनशे मिली.
पिशवी यंत्रावर डुलत राहते, पाळण्यातल्या पोरासारखी.
नर्सला एकदा विचारलं,
ही घरी न्यायची सोय नाही का?
तिला वाटलं मी गंमत करतोय.
गट एकच आहे आमचा, दोघांचाही बी पॉझिटिव्ह.
लग्नात छत्तीस गुण मोजले, हा कुणी मोजला नाही.
पिशवीवर तिने लाल पेनने लिहिलं : नष्ट करणे.

सिन्नरला भास्करला फोन केला, तपासून घे.
म्हणाला, मला कुठं काय होतंय.
मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून,
सकाळी बोटं दुखतात रे. दोनच.
कुठली दोन, ते विचारावं लागलं नाही.

चार वाजता मी खाली उतरतो.
दुपारचं जेवण मागे पडलेलं, रात्रीचं लांब,
मधल्या मोकळ्या पट्टीत एक पेरू.
गाडीवाला विचारतो, तिखट-मीठ?
लाव म्हणतो, त्याला बंदी नाही.
होळकर पुलाशी उभा राहून खातो, घड्याळ बघून.
खाली गोदेच्या पाण्यात कुणी सतरंजी बडवतंय,
तिचा आवाज हात वर गेल्यावर ऐकू येतो.
बिया दाढेत अडकतात.
इतका गोड पेरू पूर्वी कधी खाल्ला नव्हता,
किंवा खाल्ला असेल,
जेवता जेवता, बोलता बोलता.

रात्री तिच्या वरणावर लिंबू मीच पिळतो.
तिच्या हातात हल्ली तेवढा जोर नाही.
माझ्याही नाही, ते मी सांगत नाही.
बिया चमच्याने बाजूला काढतो.
मग हात धुतो, साबण लावून,
तरी वास राहतो बोटांना,
माझा शेवटचा घास होईपर्यंत.
तो चालतो का,
बाईंना विचारायचं दरवेळी राहून जातं.